आळीपाळीची भाकरी : जयपूरच्या इतिहासातील काटकसर आणि सामाजिक आधार

१. विषयाची मांडणी

महागाई वाढली की दोन प्रकारचे सल्ले ऐकू येतात. पहिला सल्ला असतो घरासाठी : खर्च कमी करा, जुने वापरा, साठवून ठेवा. दुसरा असतो समाजासाठी आणि सरकारसाठी : गरजूंना हात द्या. पहिल्याला आपण काटकसर म्हणतो, दुसऱ्याला आधार. बोलताना दोन्ही शब्द सहज एकत्र येतात, पण इतिहासात त्यांची कामे वेगवेगळी राहिली आहेत. काटकसर कुठपर्यंत पुरते आणि आधार कुठून सुरू व्हायला हवा, हा या पाठाचा मुख्य प्रश्न आहे.

त्यासाठी उदाहरण घेतले आहे जयपूरचे. पाऊस कमी आणि बेभरवशाचा असल्यामुळे जपून राहणे इथल्या माणसाच्या अंगवळणी पडलेले आहे. १७२७ मध्ये सवाई जयसिंह यांनी वसवलेल्या या शहराने आणि आसपासच्या मुलुखाने मोठे दुष्काळ पाहिले. अन्नाच्या हक्कावरचा देशातला सर्वांत महत्त्वाचा खटलाही याच शहरातल्या कार्यकर्त्यांनी उभा केला. महाराष्ट्राशी तुलना करता येईल असे बरेच काही इथे सापडते.

२. आधी थोडे गणित

इतिहासाकडे वळण्यापूर्वी एक साधा हिशेब पाहू. आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. समजा, एका घरात महिन्याला १५,००० रुपये येतात. घरभाडे ४,०००, धान्य-तेल-भाजी ६,५००, गॅस-वीज-पाणी १,५००, शाळा आणि प्रवास १,५००, औषधपाणी ५००. एकूण खर्च १४,०००, शिल्लक १,०००.

आता किराणा, गॅस-वीज-पाणी आणि शाळा-प्रवास, म्हणजे ९,५०० रुपयांचा खर्च, १५ टक्क्यांनी वाढला. वाढ झाली १,४२५ रुपयांची. शिल्लक संपली आणि ४२५ रुपयांची तूट आली. ही तूट काटकसरीने भरून निघते. भाजी कमी आणायची, दोन स्टॉप चालत जायचे, एखादी खरेदी पुढे ढकलायची. पुढच्या वर्षी पुन्हा १५ टक्के वाढ झाली आणि मिळकत तेवढीच राहिली, तर आणखी सुमारे १,६४० रुपये लागतील. पहिल्या स्थितीच्या तुलनेत तूट आता सुमारे २,०६५ रुपयांची होते. घरभाड्याला हात लावता येत नाही. मग कात्री लागते ती औषधाला, शाळेला किंवा ताटाला.

म्हणजे काटकसरीला तळ असतो. एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्ये दाखवून दिले, की कुटुंब जितके गरीब तितका त्याच्या खर्चातला अन्नाचा वाटा मोठा. त्यामुळे भाववाढीच्या काळात गरीब घर तळाशी सर्वांत आधी पोचते. श्रीमंत घर चैनीला कात्री लावते, गरीब घर जेवणाला लावते. बाहेरून मात्र दोन्हींना ‘काटकसर’ हेच नाव मिळते.

३. घरातली शिस्त : पाणी, धान्य, कापड

राजस्थानी स्वयंपाकघर हे टंचाईच्या अनुभवातून घडले आहे. ताजी भाजी मिळेलच याची खात्री नाही, म्हणून बेसनाचे गट्टे, मुगाच्या मंगोड्या, पापडाची भाजी, कढी. बाजरीचे पीठ ताकात आंबवून केलेली राबडी कमी धान्यात पोट भरते आणि उन्हाळा सोसायला मदत करते. खेजडीच्या शेंगा म्हणजे सांगरी आणि झुडपावरचे केर वाळवून ठेवले की वर्षभर चालतात. आपल्याकडचे सांडगे, कुरडया, वाळवलेली गवार ही याच जातीची युक्ती. गंमत अशी, की गरिबाच्या घरची सांगरी आज हॉटेलातला महागडा पदार्थ झाली आहे.

जुन्या कापडाची गुदडी आणि आपली गोधडी या सख्ख्या बहिणीच म्हणायला हव्यात. जयपूरला लागून असलेल्या सांगानेरच्या कागझी समाजाने तर चिंध्यांपासून हातकागद बनवण्याचा व्यवसायच उभा केला. घरात जे टाकाऊ ठरते त्यातून कारागिराची रोजी निघते, हेही काटकसरीचे एक अंग आहे.

पाण्याचे उदाहरण अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना विशेष भावेल. जयगड आणि नाहरगड किल्ल्यांवर डोंगराचे पाणी चरांनी वळवून मोठ्या टाक्यांत साठवण्याची व्यवस्था आहे. घरगुती टाक्यामागचे तत्त्वही तेच. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी मिळते. जयपूरचा वार्षिक पाऊस सरासरी सुमारे ६०० मिलिमीटर धरू. दुष्काळात तो २०० मिलिमीटरवर आला असे समजू. ५० चौरस मीटरच्या छपरावर तेव्हाही १०,००० लिटर पाणी पडते, आणि गळती वजा जाता ८,००० लिटर हाती लागते. पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी रोज २५ लिटर लागणाऱ्या पाच माणसांच्या घराला ते ३२० दिवस पुरते. म्हणजे नीट बांधलेले टाके एक वाईट वर्ष जवळजवळ निभावून नेते. लागोपाठ दोन-तीन वाईट वर्षे आली, किंवा छप्परच गवताचे असले, तर हा हिशेब कोलमडतो.

या शिस्तीचा एक भाग सहसा नोंदला जात नाही. घरातली काटकसर बहुतेक ठिकाणी बाईच्या हाताने होते आणि बऱ्याचदा तिच्याच ताटातून होते. सर्वांचे झाल्यावर जे उरेल ते खायचे, हा नियम कुठल्या वहीत लिहिलेला नाही. म्हणून घरखर्चाच्या इतिहासात बचतीचा आकडा दिसतो, पण ती बचत कोणाच्या पोटातून आली ते दिसत नाही.

४. राज्याचे काम : दुष्काळी कामे

घराचा साठा संपला की पुढे काय, याचे एकोणिसाव्या शतकातले उत्तर होते दुष्काळी कामे. १८६८-६९ च्या दुष्काळात महाराजा सवाई रामसिंह (दुसरे) यांनी जयपूरचा रामनिवास बाग घडवला, तो लोकांना मजुरी मिळावी म्हणून. आज तिथे फिरायला जाणाऱ्या फार थोड्यांना ठाऊक असते, की ही हिरवळ भुकेच्या काळातल्या रोजंदारीतून उभी राहिली. जयपूरजवळच्या रामगढ बंधाऱ्याचे काम १८९७ मध्ये सुरू झाले आणि १९०३ मध्ये पूर्ण झाले, म्हणजे मधला मोठा दुष्काळ या बांधकामाच्या काळातच आला. १९८२ च्या आशियाई खेळांतल्या नौकानयनाच्या शर्यती याच रामगढच्या तलावात झाल्या. पुढे तो तलाव कोरडा पडला.

हा मधला दुष्काळ म्हणजे ‘छप्पनिया’. विक्रम संवत १९५६, इसवी सन १८९९-१९००. पाऊस हुकला आणि धान्य, पाणी, चारा तिन्ही एकाच वेळी आटले. अशा वर्षाला राजस्थानात ‘त्रिकाळ’ म्हणतात. लोकांनी खेजडीची साल दळून पिठात मिसळली. गुरे मोठ्या संख्येने मेली. १९०० मध्ये पाऊस आला तेव्हा पटकी आणि हिवताप यांनी दुबळ्या झालेल्या माणसांना गाठले. १९०१ च्या जनगणनेत राजपुतान्याची लोकसंख्या दहा वर्षांत सुमारे एक पंचमांशाने घटलेली दिसली. जयपूर संस्थानातली घट सुमारे सहा टक्के होती. पश्चिमेकडच्या संस्थानांच्या मानाने ती बरीच कमी असली, तरी लाखाहून अधिक माणसांची होती.

इथे एक मुद्दा नीट समजून घ्यायला हवा. १८७० च्या दशकातच जयपूरला रेल्वे आली होती. छप्पनियात बाहेरून धान्य येत होते, ते बाजारात मिळतही होते. पण शेत पिकले नाही म्हणून मजुरी नाही, जनावर मेले म्हणून विकायला काही नाही, आणि भाव चढलेले. माणसे उपाशी राहिली, कारण त्यांच्या हाती धान्य घेण्याची ऐपत उरली नव्हती. १८८० च्या दुष्काळ आयोगाच्या विचारात ही जाण होती, म्हणूनच ‘काम द्या आणि मजुरी द्या’ हा दुष्काळ संहितेचा कणा ठरला. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात हाच विचार पद्धतशीर सिद्धान्ताच्या रूपात मांडला : अन्न असणे वेगळे आणि अन्नावर माणसाचा अधिकार चालणे वेगळे.

१९०० मध्ये महाराजा सवाई माधोसिंह (दुसरे) यांनी सुमारे १५ लाख रुपयांची देणगी दिली, आणि तिच्यातून संपूर्ण देशासाठी ‘इंडियन पीपल्स फॅमिन ट्रस्ट’ हा दुष्काळ निधी उभा राहिला. मुद्दल राखून उत्पन्नातून मदत करायची, ही त्याची रीत. घरात अडीनडीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशासारखाच हा निधी. याच माधोसिंहांनी १९०२ मध्ये लंडनला जाताना चांदीच्या प्रचंड घागरींतून गंगाजल नेले, हेही नोंदवले पाहिजे. संस्थानी काळात आधार मिळणे हे राजाच्या मर्जीवर होते. आज निधी, उद्या घागरी. त्यावर प्रजेचा हक्क काही नव्हता.

५. समाज : आधारही आणि भारही

राज्य आणि घर यांच्या मध्ये समाज असतो. पश्चिम राजस्थानात शेतीचे काम गावाने मिळून करण्याच्या रीतीला ‘ल्हास’ म्हणतात. ज्याचे शेत त्याने जेवण घालायचे, बाकीच्यांनी राबायचे. आपल्याकडचे ‘इर्जिक’ ते हेच. लग्नात प्रत्येकाने दिलेला ‘न्योता’ वहीत लिहून ठेवतात आणि त्याच्या घरी कार्य निघाले की परत करतात. हे एक प्रकारचे बिनव्याजी कर्जच. शहरातल्या बायकांची ‘बीसी’ म्हणजे आपली भिशी. उन्हाळ्यात जयपूरच्या रस्त्यांवर माठ मांडून बसणारी ‘प्याऊ’ म्हणजे आपली पाणपोई. या व्यवस्थांना कार्यालय लागत नाही, अर्ज लागत नाही. ओळख पुरते.

पण ओळख लागते, ही त्यांची मर्यादाही आहे. ज्याची जात-बिरादरी लहान, जो शहरात नवा, जो आधीच सर्वांचा देणेकरी, त्याला वहीत जागा नसते. शिवाय ज्या बिरादरीचा आधार, तिचाच खर्चही. लग्नातला मान, टिक्याची रक्कम आणि माणूस मेल्यावर घालायचे गावजेवण यांपायी घरे सावकाराच्या, म्हणजे तिथल्या ‘बोहऱ्या’च्या, दारी गेली. १८८८ मध्ये राजपुतान्यातले ब्रिटिश अधिकारी कर्नल वॉल्टर यांच्या पुढाकाराने राजपूत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिने लग्नकार्यांतल्या खर्चाला आणि लग्नाच्या वयाला मर्यादा घालणारे नियम केले. तिचा भर वरच्या थरातल्या घराण्यांवर होता. मृत्युभोजाला आळा घालणारा कायदा राजस्थानात १९६० मध्ये झाला. एखादी चाल थांबवायला कायदा करावा लागतो, यावरूनच ती किती घट्ट होती ते कळते.

महाराष्ट्रात जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी साधी, भटजीविना लग्ने लावायला सुरुवात केली. राजपुतान्यातल्या सभेने प्रतिष्ठा सांभाळून खर्चाला कुंपण घातले, सत्यशोधकांनी प्रतिष्ठेच्या कल्पनेलाच आव्हान दिले. काटकसर दोन्हीकडे होती. पण ती कोणाच्या सोयीने ठरली, हा फरक विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावा.

६. वर्ध्याहून जयपूरकडे

या इतिहासातला एक धागा थेट महाराष्ट्राशी जोडलेला आहे. जमनालाल बजाज यांचा जन्म १८८९ मध्ये जयपूर संस्थानातल्या सीकरजवळच्या काशी का बास या गावी झाला. लहानपणी ते वर्ध्याच्या घरात दत्तक गेले आणि पुढे वर्धा हीच त्यांची कर्मभूमी झाली. १९३८ मध्ये ते जयपूर राज्य प्रजामंडळाच्या अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. त्या वर्षी शेखावाटी भागात दुष्काळ होता. मदतकार्यासाठी ते डिसेंबर १९३८ मध्ये निघाले, तेव्हा संस्थानाने त्यांना प्रवेशबंदी केली आणि सवाई माधोपूर स्थानकावर अडवले. बंदी मोडल्याबद्दल फेब्रुवारी १९३९ मध्ये त्यांना स्थानबद्ध केले आणि ऑगस्टमध्ये सोडले.

दुष्काळात धान्य घेऊन येणाऱ्या माणसाची सरकारला भीती का वाटावी? मदत करणारी संघटना उद्या हिशेब विचारील, हे संस्थानाला कळत होते. राजाने दिलेली मदत कृपा ठरते. लोकांनी संघटित होऊन उभी केलेली मदत हक्काच्या भाषेकडे जाते. बजाज यांचे सहकारी हिरालाल शास्त्री यांनी राज्याची नोकरी सोडून १९२९ मध्ये वनस्थली गावात ‘जीवन कुटीर’ सुरू केले होते. तिथे खादी आणि स्वावलंबन यांच्या जोडीने लोकजागृतीचेही काम चाले. साधी राहणी आणि राजकीय हक्क हे या लोकांच्या लेखी एकाच कामाचे दोन भाग होते.

७. लाटण्यापासून न्यायालयापर्यंत

स्वातंत्र्यानंतर हक्काची ही भाषा मोठ्याने बोलली गेली ती आधी महाराष्ट्रात. १९७२ चा दुष्काळ आणि त्यासोबतची भाववाढ यांतून मुंबईत महागाईविरोधी महिलांची संयुक्त समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या वेगवेगळ्या पक्षांच्या नेत्या एकत्र आल्या आणि बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. घरातल्या काटकसरीचे हत्यार त्यांनी सार्वजनिक केले, असे म्हणता येईल. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळ चालवणाऱ्या बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू करून त्यांना बँकेच्या कर्जाची वाट खुली केली. दुष्काळात सुरू झालेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले. तिच्यामागे वि. स. पागे यांचा विचार होता. रामनिवास बागेतला मजूर काम मिळाले म्हणून उपकृत होता. रोजगार हमीचा मजूर काम मागू शकत होता.

राजस्थानात पुढचे पाऊल २००१ मध्ये पडले. सलग तिसऱ्या वर्षी दुष्काळ होता. देशभरच्या सरकारी गोदामांत सुमारे ५ कोटी टन धान्य होते, राखीव साठ्याच्या गरजेच्या दुपटीहून अधिक. जयपूर शहराजवळच्या गोदामाबाहेर धान्य भिजून सडत होते आणि तिथून काही किलोमीटरवर काही कुटुंबे आळीपाळीने जेवत होती : आज घरातल्या काहींनी खायचे, उद्या उरलेल्यांनी. ही काटकसरीची शेवटची पायरी. नियोजन आहे, शिस्त आहे, समान वाटपही आहे. नाही ते फक्त अन्न.

‘पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज’ या संघटनेच्या राजस्थान शाखेने एप्रिल २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्कात अन्नाचा हक्क येतो, अशी तिची मांडणी होती. २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने न्यायालयाने सरकारी अन्न आणि साहाय्य योजनांना हक्काचे स्वरूप दिले आणि शाळांत शिजवलेले मध्यान्ह भोजन द्यायला सांगितले. आज देशातले कोणतेही मूल शाळेत खिचडी खाते, त्यात जयपूरजवळच्या त्या गोदामाचा वाटा आहे. २००५ चा रोजगार हमीचा राष्ट्रीय कायदा आणि २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा हे याच वाटेवरचे पुढचे टप्पे. पहिल्यात महाराष्ट्राचा अनुभव आणि राजस्थानातल्या मजूर किसान शक्ती संघटनेसारख्या चळवळींचा रेटा, दोन्ही आहेत.

८. आजचे जयपूर

२० ऑगस्ट २०२० पासून राजस्थानच्या शहरांत ८ रुपयांत थाळी देणारी इंदिरा रसोई सुरू झाली. पुढे तिचे नाव श्री अन्नपूर्णा रसोई झाले. महाराष्ट्रात १० रुपयांची शिवभोजन थाळी त्याच वर्षी २६ जानेवारीला सुरू झाली होती. ९ सप्टेंबर २०२२ पासून राजस्थानने शहरी कुटुंबांनाही वर्षाला १०० दिवसांच्या कामाची योजना दिली. २४ एप्रिल २०२३ पासून तर सरळ ‘महंगाई राहत’ या नावाने शिबिरे भरली. त्यांत ५०० रुपयांच्या गॅस सिलिंडरसह दहा योजनांची नोंदणी होत असे.

या योजनांवर मतभेद आहेत. खर्च कुठून भागवायचा, योजना निवडणुकीपुरत्या असतात का, सरकार बदलले की त्यांचे काय होते, हे प्रश्न खरे आहेत. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक कसोटी लावावी : मिळणारी गोष्ट मर्जीने मिळते की कायद्याने? नाव बदलले तरी थाळी टिकली, याचा अर्थ तिची गरज दोन्ही बाजूंना मान्य आहे. मात्र ती मागण्याचा हक्क, शाळेतल्या जेवणासारखा, अजून पक्का नाही.

९. समारोप

काटकसर हा सद्गुण आहे, यात शंका नाही. टाके, राबडी, गुदडी, भिशी यांनी असंख्य घरे तगवली. पण त्यांनी तगवले ते एक वाईट वर्ष, एक आजारपण, एक पगार चुकलेला महिना. भाव चढत राहिले आणि मजुरी थांबली, की घराची शिस्त भूक वाटून देण्यापलीकडे काही करू शकत नाही. तिथे शेजार, संघटना आणि राज्य यांचे काम सुरू होते. म्हणून महागाईत कुणी गरिबाला काटकसरीचा उपदेश करू लागला, तर आधी विचारावे : त्याच्या ताटात कमी करण्याजोगे अजून काय उरले आहे?

विचारासाठी प्रश्न

१. आपल्या घरातल्या खर्चाचे ‘कमी करता येणारे’ आणि ‘कमी न करता येणारे’ असे दोन भाग करा. भाव १५ टक्क्यांनी वाढले तर कोणत्या महिन्यात तळ लागेल?

२. छप्पनियात बाजारात धान्य असूनही माणसे का मेली? २००१ च्या परिस्थितीशी तुलना करा.

३. आपल्या गावातली परस्पर-मदतीची एखादी रीत निवडा. तिच्यात कोणाला जागा आहे आणि कोणाला नाही, ते लिहा.

४. घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रीशी बोलून १९७२ च्या किंवा नंतरच्या टंचाईच्या आठवणी नोंदवा. कोण शेवटी जेवत असे, हा प्रश्न विसरू नका.